चायनीजमध्ये प्रश्न विचारताना या चुका टाळा

मॅन्डरिन शिकणाऱ्या आपल्या लोकांना मी कायम सांगते, डोक्यात आधी इंग्लिश वाक्य बनवू नका, मराठी बनवा, निम्म्या चुका तिथेच संपतात. ‘तू कुठे चाललास?’ हे ‘नी छ्यु नार’ (तू-जाणे-कुठे), म्हणजे उत्तर जिथे येणार तिथेच ‘कुठे’ बसतो, पण इंग्लिशमध्ये व्हेअर आधी येतो म्हणून लोक ‘नार’ उचलून पुढे नेतात.

वाक्याच्या शेवटचा ‘मा’ म्हणजे आपला ‘का’च. ‘नी लाय मा?’, येतोस का? पण काय, कोण, कुठे असलेल्या प्रश्नाला ‘मा’ लावू नका, आपण तरी ‘तुझं नाव काय का’ म्हणतो का? ‘श्र पु श्र’ म्हणजे ‘आहे की नाही’, त्याच्यापुढेही ‘मा’ नको.

सगळ्यात जास्त गोंधळ सुरांचा. आपल्याला प्रश्न विचारताना आवाज वर न्यायची सवय, तिकडे सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘माय’चा सूर झपकन खाली पडला तर विकणे, खोल जाऊन वर आला तर विकत घेणे, त्यामुळे दुकानदाराला ‘हे विकता का’ विचारताना सवयीने आवाज चढवलात तर त्याला ‘घेता का’ ऐकू येतं. ‘छिंग वन्’ (जरा विचारू का) मधला ‘वन्’ तर नक्की घोटून घ्या, चिडून ‘नाही!’ म्हणतो तसा वरून खाली टाकायचा, कारण खोलगट सुरातला ‘वन्’ म्हणजे चुंबन. ‘नार’चंही तेच, खोलगट म्हणजे कुठे, पडता म्हणजे तिथे.

कोणी, विशेषतः वयस्कर माणसांनी, ‘छ्र ल मा?’ (जेवलास का) विचारलं तर ते बहुतेक वेळा जेवणाचं आमंत्रण नसतं, आपल्या गावाकडच्या ‘जेवण झालं का’सारखी ती विचारपूस असते, ‘छ्र ल, नी न?’ (जेवलो, आणि तू?) एवढं पुरतं.

किंमत विचारायला ‘तुओशाओ छ्येन’. ‘ची’ म्हणजेही किती, पण तो दहाच्या आतल्या आकड्यासाठी, म्हणून ‘नी ची स्वे’ (किती वर्षांचा) लहान मुलालाच विचारा. मोठ्यांना ‘नी तुओ ता’, आणि आजी-आजोबांना मात्र ‘नी’ नाही, ‘निन’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’: ‘निन तुओ ता न्येनची?’