रस्त्यात थोडी जमीन जातेय? सही करायच्या आधी हे बघा

रिंगरोड म्हणा, रुंदीकरण म्हणा, पुण्याच्या आसपास कुणाची ना कुणाची 5-10 गुंठे जातातच. नोटीस आली की पहिलं काम म्हणजे सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा काढून ठेवा, आणि नोटीस नेमकी कुठल्या कायद्याखाली आहे ते वाचा, कारण मुदती त्यावर ठरतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस असतात, लेखीच द्या आणि पोच घ्या, तलाठ्याशी चहावर बोलणं म्हणजे हरकत नव्हे!

पैशाचं गणित असं की बाजारभाव, गावाकडे त्याला गुणांक (म्हणजे बाजारभाव ठरावीक पटीने वाढवायचा), मग झाडं-विहीर-बांधकाम वेगळं, आणि या सगळ्यावर 100 टक्के दिलासा रक्कम. रेडीरेकनरवर (सरकारी दरपत्रकावर) गप्प बसू नका, शेजारच्या गटांची मागच्या 3 वर्षांची खरेदीखतं काढा.

पण लोक विसरतात ते उरलेल्या तुकड्याचं. रस्ता मधून गेला, विहीर अलीकडे, ऊस पलीकडे, वाट बंद, तर या तुटलेपणाची भरपाई वेगळी मागता येते (कलम 28), न मागता कुणी देत नाही. घराचा अर्धाच भाग जात असेल तर पूर्ण घर घ्या असंही म्हणता येतं, कलम 94.

रक्कम कमी वाटली तरी पैसे घ्या, फक्त सहीशेजारी 'हरकत राखून' लिहा, नाहीतर पुढे वाढीव मागायचा हक्क जातो. निवाड्याला, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश होताना, हजर असाल तर वाढीव रकमेसाठी कलम 64 चा अर्ज तिथून 6 आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे.