शेवटचे तीन महिने: 'होतंच असं' म्हणून या गोष्टी सोडून देऊ नका

सातवा महिना लागला की पोटुशीभोवतीची प्रत्येक बाई डॉक्टर होते. पाय सुजले? होतंच असं. झोप येत नाही? होतंच असं. बाळ कमी हलतंय? अगं, आता जागा कुठे उरलीय त्याला! पहिली दोन उत्तरं बहुतेक वेळा बरोबर असतात. तिसरं साफ चूक आहे, आणि तेच सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं.

नववा महिना असला तरी बाळाच्या हालचाली कमी होत नाहीत, त्यांची तऱ्हा बदलते. लाथांऐवजी कूस बदलल्यासारखं वाटतं, पोटाची एक बाजू टणक होऊन वर येते. शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा, मोबाइल लांब ठेवा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर दवाखाना गाठायचा, रात्रीचा दीड वाजला असला तरी. रोज भरपूर हलणारं बाळ आज एकदम थंडावलंय असं वाटलं तर मोजत बसण्याचीही गरज नाही, सरळ निघा. ठोके ऐकायचं यंत्र हल्ली ऑनलाइन मिळतं. त्यावर ठोके ऐकू आले म्हणून निर्धास्त होणं ही नवी चूक. ठोके असतात, तरी बाळ अडचणीत असू शकतं.

सूज आणि 'पित्त'

संध्याकाळी चपला घट्ट होतात आणि सकाळपर्यंत सूज उतरते, त्याची फार चिंता नको. पण चेहरा आणि हात सुजले, अंगठी निघेना, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखून उलटी झाली, तर आपल्या घरांत त्याला एकच नाव मिळतं: पित्त. मग आलेपाक, कोकम सरबत आणि कपाळाला बाम. खरं तर ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात. पित्ताची गोळी घ्यायच्या आधी बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टर. मीठ बंद करून हा आजार जात नाही. वाढत गेला तर झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

तळहात-तळपायांना रात्री खाज सुटते आणि अंगावर पुरळ मात्र नाही, हेही खोबरेल लावून सोडून देऊ नका. यकृताची रक्ततपासणी करावी लागते.

माहेरी जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत छानच आहे. बिघडतं ते वेळापत्रक. डोहाळजेवण, फोटो, मग कुणाचं तरी लग्न, असं करत मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात माहेरी पोचते आणि तिथल्या डॉक्टरांपुढे मोबाइलमधले अर्धवट कापलेले फोटो धरते. बत्तीस-चौतीस आठवड्यांपर्यंत तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा. मूळ फाइल सोबत हवी: रक्तगट, हिमोग्लोबिन, साखरेचे रिपोर्ट आणि मुख्य म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. प्रसूतीची तारीख ठरवायला तीच सगळ्यात भरवशाची. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीवर वेगळी तारीख छापून येते, ती बघून 'तारीख बदलली' म्हणत घर हवालदिल होतं. ती बाळाच्या मापावरून यंत्राने काढलेली असते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात द्यायचं अँटी-डी इंजेक्शन या धावपळीत राहून जातं, ते विचारून घ्या.

सोनोग्राफीत 'नाळेचा वेढा' दिसला की सिझेरियनच करावं लागणार असं गृहीत धरतात. जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांपैकी साधारण एकाच्या मानेभोवती वेढा असतो आणि बहुतेक जण सुखरूप जन्मतात. नुसत्या वेढ्यासाठी ऑपरेशन लागत नाही.

आता मुहूर्त. सिझेरियन ठरलंच असेल तर दोन दिवसांपैकी गुरुवार निवडा, कुणाचं काही जात नाही. पण गुरुजींनी काढलेली तारीख गाठायला एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी, वैद्यकीय कारण नसताना बाळ काढणं म्हणजे त्याच्या फुप्फुसांशी जुगार. अशा बाळांना श्वासाचा त्रास होऊन काचपेटीत ठेवायची वेळ जास्त येते.

खाणं आणि गोळ्या

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की फुकट जाते, आणि कॅल्शियमबरोबर घेतली तरी तेच. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, घाबरून गोळी बंद करू नका. दुधातून तूप प्यायल्याने वाट मोकळी होत नाही, वजन वाढतं. कळा याव्यात म्हणून एरंडेल तर अजिबात नको, जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं.

कळा, पाणी, रक्त

खोट्या कळा अनियमित असतात, चाललं किंवा कूस बदलली की थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, जवळजवळ येत जातात. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी कळ येतेय आणि असा तास गेलाय, तर निघायचं. दवाखाना लांब असेल किंवा आधीचं सिझेरियन असेल तर त्याआधीच. थोडा रक्ताळलेला चिकट स्राव चालतो, पाळीसारखं रक्त चालत नाही. आणि सदतीस आठवड्यांच्या आधी नियमित कळा आल्या तर तास मोजायचा नाही, लगेच जायचं.

अंगावरून पाणी गेलं की कळा नसल्या तरी थांबू नका. लघवी की पाणी हे कळत नसेल तर पॅड लावा: पाणी सतत झिरपतं, त्याला लघवीचा वास नसतो. हिरवट दिसलं तर धावाच. गाडी नसेल तर १०८ लावा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि घरी परतायची गाडी मोफत असते, म्हणून खर्चाच्या विचाराने घरी थांबायचं कारण नाही. पिशवीत झबली-दुपटी खाली ठेवा, फाइल आणि आधार कार्ड वर.