घोट्याचं ऑपरेशन ठरलं? आधी संडासाचं दार मोजा

तारीख मिळाली की घरचे बॅग भरायला घेतात. मी टेप घेऊन संडासात गेलो. अपघातात घोट्यातलं टॅलस हे हाड त्याच्या मानेशी, म्हणजे मधल्या निमुळत्या भागाशी, मोडलं होतं. त्याचा बराचसा भाग कूर्चेने झाकलेला, रक्तवाहिन्यांना शिरायला जागा मुळातच कमी. त्यांतल्या तुटल्या आणि हाड आतून मेलं. आता फ्यूजन, म्हणजे सांधा कायमचा जखडायचा. पुढे दोन-तीन महिने त्या पायावर भार नाही, आणि आमचा संडास उकिडवं बसायचा. भाड्याने आणलेला वॉकर दारात चार बोटांनी अडला. म्हणून कमोड खुर्ची आधी आणा, आणि कुबड्यांवर चालायचा सराव ऑपरेशनच्या आधीच करून घ्या.

डॉक्टरांना विचारायचं ते कागदावर लिहून न्या. हाड खचलंय का? आकार टिकून असेल तर कधी नुसतं ड्रिल करून भागतं. घोटाच जखडणार की खालचा टाचेचा सांधाही? दोन्ही गेले तर खाचखळग्यांतून चालणं अवघड. ग्राफ्ट, म्हणजे सांध्यात भरायचा हाडाचा तुकडा, कुठून घेणार? माझं कमरेतून घेतलं, आणि पायापेक्षा तीच जागा जास्त दिवस ठणकली.

जुन्या एक्स-रे, सीटी, एमआरआय तारखेप्रमाणे लावा. पहिल्या ऑपरेशनचे स्क्रू आत असतील तर त्यांची कंपनी आणि माप डिस्चार्ज कार्डावर आहे का ते पाहा; ते काढायला नेमका त्याच मापाचा पाना लागतो.

तंबाखू सुटल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. निकोटिनने हाड नीट जुळत नाही. मशेरीही त्यातच आली, आणि ती आपल्याकडे कुणी मोजतच नाही. साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर लपवू नका. तिथूनच जंतू जखमेत जातात.

आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खायचं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून वेळेसह लिहून घ्या. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, खाण्यातच धरतात. नेलपेंट काढा. आणि एका जुन्या पायजम्याची शिवण गुडघ्यापर्यंत उसवून ठेवा, प्लास्टर त्यातूनच जाणार आहे.