बॅकलॉगचा विषय शिकवायला बसताय? आधी खडू खाली ठेवा

निकाल लागला की सोलापुरात आठवड्याच्या आत बॅकलॉगची, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयाची, विचारणा सुरू होते: एम-टू (इंजिनिअरिंगचं गणित-दोन) राहिलाय, कुणी शिकवेल का? शिकवणारा कधी सीनियर असतो, कधी नुकताच एमएस्सी झालेला शेजारचा दादा, कधी निवृत्त झालेले सर. विषय त्यांना उत्तम येतो. तरी दोन महिन्यांची शिकवणी होऊन मुलगा त्याच विषयात पुन्हा अडकतो, कारण शिकवणारा पहिल्या दिवसापासून बोलत सुटतो आणि मुलगा मान डोलावत राहतो. खाली उदाहरण इंजिनिअरिंगच्या गणिताचं आहे, पण अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, फिजिकल केमिस्ट्री यांनाही हीच रीत लागू पडते.

विषय एका वेळी एकच घ्या. तीन राहिले असतील तर पुढच्या वर्षाच्या प्रवेशाला जो आडवा येतोय तो आधी.

सिलॅबस आणि जुने पेपर मुलाच्याच पॅटर्नचे, म्हणजे त्याला लागू असलेल्या अभ्यासक्रमाचे हवेत. कॉलेज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असेल तर पेपर विद्यापीठाचा, स्वायत्त असेल तर कॉलेजचाच. बॅकलॉगवाल्याचा पॅटर्न चालू बॅचपेक्षा जुनाही असू शकतो, म्हणून कोर्स कोड तपासा. पुणे विद्यापीठाच्या पेपरांचे सोडवलेले व्हिडिओ भरपूर मिळतात म्हणून तेच लावून देणारे बरेच आहेत. युनिटांची वाटणी आणि मार्कांचं वजन वेगळं असलं की ती मेहनत निम्मी वाया जाते.

तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत अर्ज आणि फी भरावी लागते, मुदत छोटी असते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. बहुतेक मुलं ती फक्त रिव्हॅल्युएशनसाठी घेतात आणि मार्क मोजून ठेवून देतात. तुम्ही मार्कांकडे बघूच नका. खाडाखोड कुठे सुरू झाली, अर्धं सोडलेलं गणित नेमकं कोणत्या ओळीवर थांबलंय, पहिला प्रश्न कोणता घेतला आणि त्यात किती पानं गेली, एवढं बघा.

आता खरं काम: निदानाची बैठक. इथेच बहुतेक शिकवण्या फसतात. नव्वद मिनिटं राखून ठेवा. कोरे कागद, पेन, मोबाईल दुसऱ्या खोलीत. जुन्या पेपरांतून पाच गणितं काढा. दोन त्याला ‘येतात’ म्हणतो त्या युनिटातली, दोन ‘अजिबात येत नाहीत’ त्यातली आणि एक अकरावी-बारावीच्या हत्यारांचं, म्हणजे लॉग, घातांक किंवा साधं इंटिग्रेशन. क्रम त्याला ठरवू द्या. समोर बसू नका, शेजारी बसा. मुलगा उजव्या हाताने लिहीत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे लिहिणारा हात ओळ झाकत नाही.

आणि मग गप्प बसा. तुमच्या हातात पेन असेल ते फक्त तुमच्या वहीवर टिपण्यासाठी. तो चुकला तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. थांबला तर पूर्ण एक मिनिट जाऊ द्या. ते मिनिट शिकवणाऱ्याला फार लांब वाटतं आणि त्याच्या आत त्याची जीभ सुटते. मिनिटानंतर एकच प्रश्न: “आत्ता काय शोधतोयस?” ‘काय येत नाही?’ असं विचारलंत तर ‘इंटिग्रेशन’ असं भलंमोठं उत्तर मिळतं, त्याचा उपयोग शून्य. वहीत तीन गोष्टी उतरवा: कितवी ओळ, काय लिहिलं, काय म्हणाला.

हे का, ते एका गणितात दिसेल. प्रश्न असा: एक्स गुणिले डीवाय बाय डीएक्स, अधिक टू वाय, बरोबर एक्स क्यूब. लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशन. आधी सगळीकडे एक्सने भागायचं, म्हणजे वाय चा गुणक, पी, होतो टू बाय एक्स आणि उजवी बाजू, क्यू, होते एक्स स्क्वेअर. मुलगा भागतच नाही. पी म्हणून सरळ टू घेतो, इंटिग्रेटिंग फॅक्टर (ई रेज टू पी चं इंटिग्रेशन, ज्याने समीकरणाला गुणायचं) ई रेज टू टू एक्स येतो आणि पुढे एक्स क्यूब गुणिले ई रेज टू टू एक्स याचं इंटिग्रेशन समोर उभं राहतं. ते बाय पार्ट्सने, म्हणजे गुणाकाराचे तुकडे पाडून, तीनदा करावं लागतं. दुसऱ्या फेरीत तो थकतो, पेन खाली ठेवतो. अर्ध्या पानावर थांबलेलं गणित बघून शिकवणारा ठरवतो की बाय पार्ट्स कच्चं आहे, आणि तीन बैठका बाय पार्ट्स शिकवतो. चूक झालेली असते दुसऱ्या ओळीवर, औषध दिलं जातं नवव्या ओळीला. इंटिग्रेशनचा तिथे काही दोष नव्हता.

समजा त्याने भागलं. तरी पुढे आणखी एक खड्डा आहे. ई रेज टू टू लॉग एक्स म्हणजे एक्स स्क्वेअर. मुलं बिनदिक्कत टू एक्स लिहितात. ही एम-टू ची चूक नाही, अकरावीतल्या लॉगची आहे. इथे ‘पाया कच्चा आहे, अकरावीपासून सुरू करू’ हा सल्ला हमखास येतो. कृपया ऐकू नका. आठ आठवड्यांत अकरावी होत नाही आणि एम-टू ही होत नाही. लॉगचे जे दोन नियम या युनिटला लागतात तेवढेच घ्या, दहा गणितांत घोटून घ्या आणि त्याच दिवशी परत इंटिग्रेटिंग फॅक्टरवर या.

टिपण वाचताना चुकांचे गठ्ठे आपोआप पडतात. प्रकारच ओळखता येत नसेल तर सोडवायला लावू नका. वीस गणितं समोर ठेवा, प्रत्येकाच्या पुढे फक्त ‘कोणता प्रकार, पहिली पायरी काय’ एवढंच लिहून घ्या, पंधरा मिनिटांत होतं. हत्यार बोथट असेल तर वरच्यासारखं तेवढंच हत्यार. आणि उतरवून घेण्यातल्या चुका असतील, म्हणजे वरच्या ओळीतलं उणे खाली अधिक होत असेल, तर शिकवण्यासारखं काहीच नाही. ओळी मोकळ्या लिहायच्या, एका ओळीत दोन पायऱ्या करायच्या नाहीत आणि प्रत्येक चौथ्या ओळीला चिन्हं पडताळायची. हा गठ्ठा शिकवणाऱ्याला क्षुल्लक वाटतो, पण पासिंगच्या काठावरच्या मुलाचे मार्क जातात ते यातच.

दुसरा सापळा ‘कळलं की सर!’ चा. मुलगा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून समजावल्यावर लगेच घेतलेली चाचणी धरूच नका. दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर आकडे बदलून द्या: आधीच्या गणितात टू वाय च्या जागी थ्री वाय, उजवीकडे एक्स स्क्वेअर. जमलं तर पुढच्या वेळी उणे टू वाय द्या, उजवीकडे एक्स क्यूब. इंटिग्रेटिंग फॅक्टर एक्स रेज टू मायनस टू यायला हवा. उणे एक्स स्क्वेअर आला तर लॉग अजून पाठच आहे, समजलेला नाही.

निदान नीट झालं की पुढचं सोपं आहे. आठवड्याला दोन बैठका, पंच्याहत्तर मिनिटांच्या. पहिली पंधरा मागच्या वेळचं कोऱ्या कागदावर, मधली चाळीस नवं, शेवटची वीस त्याने एकट्याने. दोन बैठकांच्या मधे तीन गणितं, व्हॉट्सअॅपवर फोटो, खोडरबर न लावता, खाडाखोडीसकट. अक्कलकोट किंवा मोहोळहून जाऊन-येऊन करणाऱ्याला रात्री आठची वेळ देऊ नका, त्याचं सगळं लक्ष एसटीकडे असतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस वेळापत्रकात आधीच मोकळे सोडा. नाहीतरी कुणी येत नाही.

भाषेचा प्रश्न सोलापुरात टाळता येत नाही. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी, आणि पेपर इंग्रजीत. समजावताना ज्या भाषेत त्याला पटकन समजतं ती वापरा. शहराच्या तेलुगू भाषिक पूर्व भागातला मुलगा दुसऱ्याला तेलुगूत समजावून सांगू शकला तर त्याला विषय कळला असं खुशाल धरा. पण कागदावरची वाक्यं पहिल्या दिवसापासून इंग्रजीच. गणितात अशी दहा-बारा ठरलेली वाक्यं पुरतात. थिअरीच्या विषयात प्रत्येक प्रश्नाची फक्त पहिली दोन वाक्यं घडवून घ्या, कारण कोऱ्या पानाची भीती तिथेच असते.

असाइनमेंट, जर्नल, सबमिशन लिहून देऊ नका. पैसे मिळाले तरी नाही. ओरलला तो उघडा पडतो, आणि कॉलेजात नाव तुमचंही येतं.

शेवटच्या पंधरा दिवसांत तीन पूर्ण पेपर, घड्याळ लावून. परीक्षेचं सत्र दुपारचं असेल तर सरावही दुपारीच. एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळच्या थंडाव्यात सोडवलेला पेपर फसवी खात्री देतो. पहिला प्रश्न सर्वांत पक्का असलेलाच घ्यायचा. आयएमपीची, म्हणजे ‘हमखास येणाऱ्या’ प्रश्नांची यादी फिरत येईलच. ती फक्त क्रम लावायला वापरा, युनिट गाळायला नाही.

मुलगा बैठका चुकवतोय, झोपत नाही, जेवत नाही, ‘काय उपयोग’ असं बोलतोय, तर तो प्रश्न गणिताचा राहिलेला नाही. घरच्यांशी आणि कॉलेजच्या समुपदेशकाशी बोला. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, त्याला तो स्वतःच्या मोबाईलमध्ये सेव्ह करायला सांगा.

पेपरच्या आदल्या दिवशी नवं गणित नाही. तो रात्री दहाला फोन करून विचारेल, “सर, हे एक येईल का?” उत्तर देऊ नका. हॉल तिकीट, ओळखपत्र, चालणारा कॅल्क्युलेटर आणि पहिली बस किती वाजता, एवढं विचारून फोन ठेवा.