रात्री दोनपर्यंत विचार चालू? काळजीला टाइम ठरवून द्या

अंथरुणावर पडलं की सुरू, बॉसने मेसेजला नुसतं ओके का लिहिलं, मी बोललो ते कुणाला लागलं तर नसेल ना... आणि बघता बघता दोन वाजतात. अशा वेळी विचार करू नकोस म्हणून काही होत नाही, दाबलेला विचार अजून जोरात वर येतो.

मला सगळ्यात पटलेली पद्धत म्हणजे काळजीची वेळ ठरवणं, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास, पण बेडवर नाही आणि झोपायच्या तोंडावर तर अजिबात नाही, संध्याकाळी सहा-साडेसहा बरं पडतं. दिवसभरात विचार आला की वहीत दोन शब्द लिहायचे, संध्याकाळी बघू म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. मग त्या अर्ध्या तासात एकेका विचारापुढे लिहा, यावर मी उद्या काही करू शकतो का? हो असेल तर नेमकं काय ते लिहा, म्हणजे 'करिअरचं बघायचं' असं मोघम नको, 'अकरा वाजता सरांना फोन' असं. नाही असेल तर उत्तर शोधत बसू नका, पुढच्यावर जा. बरेच विचार तोपर्यंत फिके पडलेले असतात, खरंच.

रात्री झोप येईना तर उठून मंद लाइटमध्ये काहीतरी कंटाळवाणं वाचा, मोबाइल नको.

आणि झोप, जेवण, काम सगळंच बिघडत चाललं असेल तर एकट्याने झुंजू नका प्लीज, टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फ्री आहे, मराठीत बोलता येतं.