घरातील पिढ्यांची राजकीय मते कशी नोंदवावीत

आजोबा, आई आणि नातू यांची राजकीय मते वेगळी का, हे शोधायचे असेल, तर आधी प्रत्येकाच्या जन्मवर्षापुढे त्याची साधारण सतरा ते पंचवीस या वयातली वर्षे मांडावीत. या वयातले अनुभव पुढच्या राजकीय आकलनाचा पाया ठरतात, असे प्रतिपादन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली केले होते. १९३८ साली जन्मलेल्यांच्या वाट्याला त्या वयात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. १९५५ साली जन्मलेल्यांच्या वाट्याला १९७२चा दुष्काळ आणि पाठोपाठ आणीबाणी.

मतदानाचे वयही पडताळून पाहावे. १९८९पर्यंत ते २१ होते. त्यामुळे १९५७ साली जन्मलेल्या माणसाने आणीबाणी कळत्या वयात अनुभवली, तरी मार्च १९७७च्या लोकसभा निवडणुकीत त्याला मताधिकार नव्हता. त्या निवडणुकीत आपण मत दिल्याचे तो सांगत असेल, तर ती आठवण बहुधा मागाहून घडलेली असते.

मात्र समवयस्कांची पिढी एकच असते, असे मुळीच समजू नये. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. एकाच गावातल्या, एकाच दुष्काळात वाढलेल्या दोन विशीतल्या तरुणांपैकी एकाला जळते घर सोडून पळावे लागले, तर दुसरा नामांतराला विरोध करणाऱ्या मोर्चात चालत होता. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले, तेव्हाही त्या दोघांना ती एकच बातमी सारखी वाटली नसणार. म्हणून जन्मवर्षाशेजारी गाव, जात, शिक्षण आणि रोजगार यांचे रकाने ठेवावेत.

प्रश्न मताबद्दल नव्हे, घडलेल्या गोष्टींबद्दल विचारावेत. ‘आणीबाणी चांगली की वाईट?’ या प्रश्नाला आजचे पक्षीय उत्तर मिळते. ‘दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातले कोण जात होते, मिलोच्या भाकरी किती दिवस खाल्ल्या?’ (मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी) असे विचारले, तर सरकारकडून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे आपसूक बाहेर येते. स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण घरातल्या पुरुषांसमोर त्या अनेकदा पुरुषांचेच मत बोलून दाखवतात. माझ्या मते अशा नोंदींतली सर्वांत मोठी उणीव इथेच राहते.

निष्कर्ष काढताना घाई नको. एखाद्या घटनेनंतर तिन्ही पिढ्या एकाच दिशेने सरकल्या असतील, तर तो काळाचा परिणाम मानावा, पिढीचा नव्हे. मुलाखतीची तारीख लिहावी आणि शक्य झाल्यास निवडणुकीच्या हंगामाबाहेर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.