मुंबईच्या उकाड्यात बाबागाडी घेऊन निघताय? या चुका टाळा

गेल्या एप्रिलात माझी नणंद आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन नागपूरहून आली. मोबाइलवर ३४ अंश दिसत होते. ‘अगं वहिनी, आमच्याकडे ४४ असतं, एवढ्याला काय घाबरायचं?’ म्हणत तिने भर साडेअकराला गेटवेला जायचा हट्ट धरला. पुढच्या तासाभरात आम्ही दोघींनी मिळून जवळजवळ सगळ्याच चुका केल्या, म्हणून हे लिहितेय.

नुसता पारा बघून निघणं

नागपूरची हवा कोरडी, त्यामुळे घाम आला की वाळतो आणि अंग गार पडतं. मुंबईत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. (म्हणून तर तिकडचे कूलर इथे काही कामाचे नाहीत.) तेव्हा तापमानाच्या शेजारी आर्द्रता आणि ‘जाणवणारं तापमान’ हे आकडेही बघा. आणखी एक गोष्ट, समुद्रावरचा वारा. तो वेळेवर सुटला तर पारा ३३-३४ वर थांबतो. पूर्वेकडच्या वाऱ्यांनी त्याला अडवलं तर मार्चमध्येसुद्धा ३८ च्या पुढे जातो. बाळाला घेऊन सकाळी साडेनऊपर्यंत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर फिरा. ऑक्टोबरलाही हेच लागू, तो महिना आपण उगाच हलक्यात घेतो.

गाडीवर दुपटं टाकणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती मायेपोटीच होते. गेटवेच्या पटांगणात सावली नाही. लेक झोपलेली, तोंडावर ऊन. नणंदेने गाडीच्या टपावरून दुपटं सोडलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. दहा मिनिटांनी मी आत हात घातला, तर कुकरचं झाकण उघडल्यासारखी वाफ लागली. दुपटं मलमलीचं, अगदी पातळ होतं, तरीही. कापड पातळ असलं तरी हवा खेळायची थांबते, आतली गरम हवा आतच राहते आणि मुख्य म्हणजे बाळाचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

त्याऐवजी गाडीचा टप पुढे ओढा, गाडी वळवून उन्हाकडे पाठ करा, छत्री लावा, पण समोरची बाजू मोकळी ठेवा. गाडीला लावायचा छोटा पंखा चालेल, पण झाकलेल्या गाडीत तो तीच गरम हवा गोल फिरवतो. दर थोड्या वेळाने बाळाच्या मानेला मागून हात लावून बघा. हातपाय बघून अंदाज येत नाही. मान तापलेली किंवा घामाने चिंब असेल तर सावलीत थांबा, बाळाला बाहेर काढा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसा. आणि आजीची माफी मागून सांगते, टोपडं आणि मोजे घरी ठेवा. डोक्याला उन्हापुरती सुती, रुंद काठाची टोपी पुरे. काळ्या सीटची गाडी उन्हात उभी असेल तर बाळाला बसवण्याआधी सीट आणि बकल हाताने चाचपा.

मोठी बाबागाडी आणि ‘टॅक्सी आहेच की’

टॅक्सी मिळते. पण काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत बहुतेकदा सीएनजीची टाकी असते, गाडीला जागाच उरत नाही. नणंदेची ऐसपैस गाडी शेवटी वरच्या कॅरियरला दोरीने बांधून आणली, आणि दादरपर्यंत ‘पडली तर?’ हाच विषय होता. रिक्षा म्हणाल, तर ती वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येतच नाही. मुंबईत गाडी एका हाताने मिटणारी, एका हाताने उचलता येणारी हवी, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार.

लोकलमध्ये गाडी मिटूनच चढा, बाळ पोटाशी झोळीत. फलाट आणि डब्यातल्या फटीवरून बाळासकट गाडी ढकलायचं धाडस कुणीच करू नये. पंचाईत अशी की फिरायला बरी वेळ तीच गर्दीची. उपाय म्हणजे रविवारची सकाळ, पण मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी काही लोकल बंद असतात तो) बघून. तो बहुधा साडेदहा-अकराला सुरू होतो. दक्षिण मुंबईसाठी मला आता भुयारी मेट्रो सोपी वाटते. आरे ते कफ परेड हा मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, गार आहे, स्थानकांवर लिफ्ट आहेत. फक्त लिफ्ट कुठल्या दाराशी आहे ते आधी पाहून ठेवा, नाहीतर भर उन्हात रस्ता ओलांडून परत यावं लागतं.

जागा चुकणं

मरीन ड्राइव्हचा पदपथ सुमारे साडेतीन किलोमीटर, रुंद आणि सपाट. गाडीसाठी मुंबईत याहून चांगला रस्ता नाही. पण तो पश्चिमेला तोंड करून आहे आणि तिथले माड सावली देत नाहीत, म्हणून सूर्य कलल्यावरच जा. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती झाडं आहेत, सकाळी तिथे छान चक्कर होते. मैदानात मात्र धूळ. राणीची बाग माझी लाडकी: जुनी दाट झाडं, रुंद वाटा, शिवाय पेंग्विनचं दालन थंडगार. बुधवारी बंद असते, हे विसरून आम्ही एकदा भायखळ्याहून हात हलवत परत आलोय. घारापुरीला गाडी नकोच. बोटीतून चढ-उतार आणि लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. आणि चौपाटीच्या भुसभुशीत वाळूत गाडी ढकलू नका, उलटी ओढत न्या.

पाणी पाजण्याची घाई

सहा महिन्यांखालच्या बाळाला उकाड्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं, अंगावर जास्त वेळा पाजायचं. एसटीच्या बऱ्याच आगारांत त्यासाठी हिरकणी कक्ष असतो. या वयात सनस्क्रीनही सहसा लावत नाहीत, सावलीच खरी. मोठ्या बाळाला घोट-घोट पाणी देत राहा. घामोळ्यावर पावडरीचा थर नको. अंग पुसून कोरडं करा, सैल सुती झबलं घाला.

लंगोट बराच वेळ कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, असं दिसलं तर फिरणं तिथेच थांबवून डॉक्टरकडे जा. बाळ तापलेलं आणि मलूल असेल, उठवून उठत नसेल, तर थेट १०८.

घरी आल्यावर गाडी तशीच ठेवणं

खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, वाळूने चाकं कुरकुरतात. गोड्या पाण्याने चाकं धुवा, पुसा, सावलीत वाळवा. नणंदेने जुहूहून आल्यावर हे केलं नव्हतं. परवा फोनवर सांगत होती, नागपूरच्या हॉलमध्ये अजून वाळू सापडते.